सुट्टीत काय खेळायचं: लेकीला पत्र

बाळा,

काल फोनवर तू विचारलंस की पेपर संपले, रूममेट घरी गेल्या, आता रात्रीचं खेळायला एखादा चांगला आरपीजी (म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट खेळायचा गेम) सांग, आणि मी घाईत दोन नावं सांगून टाकली कारण तुझी मेसची वेळ झाली होती. पण दोन नावांत उरकायचा विषय नाही हा माझ्यासाठी, म्हणून निवांत बसून टाइप करतेय. लांबलं तर दोन बैठकांत वाच.

आधी हे की मी फक्त एकटीने खेळायच्या गेम्सबद्दल लिहितेय. तुझ्या ग्रुपमधे जे शूटर खेळतात ते चांगलेच असतात, त्यात वाईट काही नाही, पण तिथे समोर कायम कोणीतरी असतं, घड्याळ चालू असतं, आणि तू दोन महिने गेली नाहीस की मागे पडतेस. सिंगल प्लेअर आरपीजी तुझी वाट बघत थांबतो. एखाद्या गावाच्या वेशीवर सेव्ह करून उठलीस, मधे सबमिशन आलं, ताप आला, महिनाभर लॅपटॉप उघडला नाही, तरी परत आल्यावर तू तिथेच उभी असतेस. आणि चांगला आरपीजी तुझ्याकडे लक्ष ठेवून असतो, तू कोणाशी काय बोललीस, काय उचललंस, कोणाला मधेच सोडून गेलीस ते लक्षात ठेवतो. मला या गेम्सचं वेड आहे ते त्या लक्ष ठेवण्यामुळे.

तुला क्रोनो ट्रिगर आठवतोय का? चौथीत असशील, माझ्या मोबाइलवर मी खेळत होते आणि तू मांडीवर उशी घेऊन शेजारी बसून मधेमधे फोन ओढत होतीस. सुरुवातीला ती जत्रा आहे बघ, तिथे एका टेबलावर कोणाचातरी डबा ठेवलेला असतो आणि तू म्हणालीस खा खा, आणि आपण खाल्ला, नायक क्रोनोची थोडी तब्येत भरली, पुढे गेलो. मग कितीतरी वेळाने, तू ते विसरूनही गेली होतीस तेव्हा, राजकन्येला पळवून नेल्याच्या आरोपावरून क्रोनोवर कोर्टात खटला चालतो आणि त्या डब्याचा मालक म्हातारा साक्षीला येतो की याने माझं जेवण खाल्लं! तुझा चेहरा असा झाला होता ना. त्याच खटल्यात हेही निघतं की जत्रेत एका मुलीला धक्का लागून ती पडली तेव्हा आधी तिची विचारपूस केलीस की आधी खाली पडलेलं पेंडंट उचललंस, छोट्या मुलीची हरवलेली मांजर शोधून दिलीस की नाही. यातलं काहीही गेमने सांगितलेलं नसतं की हे मोजलं जातंय. 1995 साली, सुपर फॅमिकॉम या जुन्या गेम कन्सोलच्या कार्ट्रिजमधे एवढीशी जागा असताना हे केलंय त्यांनी. फायनल फँटसी गेम्सचे साकागुची, ड्रॅगन क्वेस्ट गेम्सचे होरी आणि तुझ्या लाडक्या ड्रॅगन बॉलचे तोरियामा, असे तिघं एकत्र येऊन केलेला गेम आहे तो. तेव्हा आपण अर्धवट सोडला होता, तुझी वार्षिक परीक्षा आली म्हणून. आता तो पूर्ण कर. पीसीवर 2018 मधे आला तेव्हा लोकांनी बरीच नावं ठेवली होती पण नंतरच्या अपडेट्सनी बराच सुधारला, तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल.

लॅपटॉपचं म्हणशील तर ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून हळहळू नकोस, मी मुद्दाम यादी तशीच करतेय. या प्रकारातले कितीतरी उत्तम गेम्स जुने आहेत, आणि जुन्या गेम्सना काही लागत नाही. गॉग या ऑनलाइन दुकानातून घेतलेस तर इन्स्टॉलर डाउनलोड करून ठेवता येतो, एकदा ठेवला की हॉस्टेलचं वायफाय असो नसो, खेळता येतं. सेल सारखे लागतात, पूर्ण किमतीला जुना गेम घेऊ नकोस.

आता एकच आग्रह, आणि हा मी आई म्हणून नाही, इतकी वर्षं खेळणारी म्हणून करतेय. पहिल्यांदा खेळताना गाइड बघायचं नाही. यूट्यूबवर बेस्ट बिल्ड (म्हणजे पात्राला कुठली कौशल्यं द्यायची), बेस्ट एंडिंग, सगळे साथीदार कसे मिळवायचे वगैरे शोधायचं नाही, आणि एखादा निर्णय मनासारखा झाला नाही म्हणून मागचा सेव्ह लोड करायचा नाही. सेव्ह वारंवार कर, लाइट जाते, गेम क्रॅश होतो, त्यासाठी सेव्ह आहे. पण बोललेला शब्द मागे घ्यायला नाही. तू ज्याच्यावर विश्वास ठेवलास आणि तो खोटा निघाला तर ती तुझी गोष्ट झाली, ती दुसऱ्या कोणाकडे नाहीये. गाइड बघून खेळलीस तर तुला दुसऱ्याची गोष्ट मिळेल, जास्त व्यवस्थित असेल पण तुझी नसेल. अगदीच अडकलीस, दोन दिवस काही सुचत नाही असं झालं तर मला फोन कर, मी फक्त कुठल्या दिशेला बघ एवढं सांगेन.

हा नियम सगळ्यात जास्त लागू पडतो तो डिस्को एलिसियमला. 2019 चा आहे, एस्टोनियातल्या लोकांनी सुरू केलेल्या झेडए/यूएम नावाच्या स्टुडिओचा. क्रोनो झाला की लगेच हा घे. एक डिटेक्टिव्ह एका हॉस्टेलच्या खोलीत जमिनीवर शुद्धीत येतो, इतका प्यायलेला की स्वतःचं नावही आठवत नाही, आणि मागच्या अंगणात झाडाला एक प्रेत लटकतंय त्याचा तपास करायला तो आलाय. लढाई अशी नाहीच, सगळं बोलण्यात आहे. त्याच्या डोक्यातली 24 कौशल्यं आहेत आणि ती गप्प बसत नाहीत, मधेमधे बोलतात. लॉजिक वेगळं सांगतं, एम्पथी समोरच्याचं दुःख दाखवते, एन्सायक्लोपीडिया कामाची नसलेली माहिती पुरवत राहतो, इलेक्ट्रोकेमिस्ट्री म्हणते चल एक सिगरेट ओढू. ज्या कौशल्याला तू जास्त पॉइंट देशील ते जास्त बोलणार आणि ते दरवेळी बरोबर सांगेल असंही नाही. कुठलीही अवघड गोष्ट करायची तर दोन फासे पडतात. अशा फाशांच्या परीक्षेला चेक म्हणतात. पांढरा चेक हुकला तर कौशल्य वाढवून परत करून बघता येतो, लाल चेक एकदाच. आणि गंमत ही की हुकलेल्या चेकवर त्यांनी इतकं प्रेमाने लिहिलंय की मला बऱ्याचदा जिंकण्यापेक्षा हरलेलं जास्त आवडलं. सुरुवातीलाच पंख्यावर लटकलेला टाय काढायचा असतो, तब्येत अगदी कमी ठेवलीस तर तिथेच हार्ट अटॅक येऊन गेम संपू शकतो, मग घाबरू नकोस, परत सुरू कर. (असं परत सुरू केलेलं नियमात बसतं.)

सोबतीला किम कित्सुरागी नावाचा दुसऱ्या चौकीचा लेफ्टनंट असतो. शांत माणूस, चष्मा, नारिंगी जॅकेट, वहीत टिपणं करत असतो. तू काही मूर्खपणा केलास तरी लोकांसमोर बोलत नाही, फक्त थोडा थांबतो. मला पूर्ण गेमभर खुनी सापडेल की नाही यापेक्षा किमला माझ्याबद्दल काय वाटत असेल याची जास्त धाकधूक होती, आणि एखादा गेम हे करू शकतो हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना समजावून सांगणं कठीण आहे. दारू, राजकारण, तुटलेलं लग्न असं बरंच जड आहे त्यात, तू आता मोठी आहेस म्हणून सांगतेय, पण मन ठीक नसेल त्या दिवशी उघडू नकोस. इंग्लिश खूप वाचावं लागतं, 2021 पासूनच्या फायनल कट या आवृत्तीत सगळ्यांना आवाज आहेत त्यामुळे सोपं जातं.

वाचायची सवय लागली की मग प्लेनस्केप टॉर्मेंट, 1999 चा, ब्लॅक आइल स्टुडिओचा. शवागारात दगडी चौथऱ्यावर एक न मरणारा माणूस जागा होतो आणि त्याच्याशी पहिलं कोण बोलतं तर हवेत तरंगणारी एक कवटी. ती त्याच्या पाठीवर गोंदलेल्या सूचना त्याला वाचून दाखवते. गोष्ट घडते त्या सिगिल शहरातली भाषा सुरुवातीला डोक्यावरून जाईल, कानाला बसायला वेळ लागतो. लढाया मला तेव्हाही कंटाळवाण्या वाटल्या आणि आताही वाटतात, त्या उरक आणि विझ्डम, इंटेलिजन्स वाढव, म्हणजे बोलणं उघडत जाईल. एवढंच सांगते त्याबद्दल, बाकी काहीही सांगितलं तर तो वाया जाईल.

आणि वाचून थकलीस, नुसतं भटकावंसं वाटलं तर मॉरोविंड. 2002 चा बेथेस्डा स्टुडिओचा. त्यांचाच नंतरचा स्कायरिम तुला माहितीये, सगळ्यांनाच माहितीये, तिथे बाण दाखवतो तिकडे जायचं. मॉरोविंडमधे बाण नाही. लोक तोंडी पत्ता सांगतात, अमुक पूल ओलांड, मग डावीकडचा चढ धर, फाट्यावर पाटी आहे ती बघ, आणि तो पत्ता वहीत लिहिला जातो, बाकी तू आणि धुकं. चुकतेसच. चुकल्यावर कुठल्यातरी थडग्यात, कुठल्यातरी तस्करांच्या गुहेत जाऊन पडतेस आणि ज्या कामाला निघाली होतीस ते राहून जातं. तू तिथे जहाजातून उतरवलेली कैदी आहेस, परकी आहेस, आणि लोक तुला तसंच वागवतात, त्यामुळे पुढे कोणी नीट बोललं की खरंच बरं वाटतं. पहिल्या गावाहून, सेदा नीनहून, बाल्मोराला जायचं असतं. सिल्ट स्ट्रायडर नावाचा प्रचंड किडा असतो वाहतुकीला, पैसे दिले की लगेच पोचवतो, पण पहिल्यांदा तरी चालत जा आणि जाताना आकाशाकडेही लक्ष ठेव. का ते विचारू नकोस. सुरुवातीला तलवार मारलेली लागतच नाही असं वाटेल, गेम बिघडलेला नाही, दमलेली असताना नेम चुकतो, हिरवी पट्टी भरू दे मग मार. जुना म्हणून दिसायला ओबडधोबड आहे पण रात्री पाऊस लागला आणि ते संगीत सुरू झालं की मला अजूनही उठवत नाही.

नवे मोठे गेम्स मात्र दिवाळीत घरी आलीस की इथल्या पीसीवर. विचर 3 बाबांनी आधीच टाकून ठेवलाय, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा, 2015 चा. त्यात वेलेन नावाच्या प्रदेशात एक बॅरन भेटेल, आधी तुला त्याचा राग येईल, नंतर काय वाटेल ते मला माहीत नाही, मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही. तिथे एका निर्णयाचं फळ कितीतरी तासांनी, भलत्याच ठिकाणी समोर येतं, तोपर्यंत मागचा सेव्ह लोड करायची सोयच राहिलेली नसते. ज्याने कोणी हे असं लिहिलं त्याला माझा नमस्कार.

बॉल्डर्स गेट 3 पण आहे, 2023 चा, बेल्जियमच्या लॅरियनचा, त्यात प्राण्यांशी बोलायचं औषध मिळतं ते लगेच पी, बैल, खारी, कुत्रे, सगळे काही ना काही सांगतात. आणि किंगडम कम डिलिव्हरन्स. 1403 चं बोहेमिया, ना जादू ना राक्षस, लोहाराचा मुलगा हेन्री. त्याला वाचता येत नाही. म्हणजे खरंच येत नाही, तू पुस्तक उघडलंस तर पानावर अक्षरं उलटीपालटी झालेली दिसतात, तुला इंग्लिश येत असूनही काही लागत नाही. मग एका गावातल्या लेखनिकाकडे जाऊन शिकावं लागतं आणि शिकल्यावरही लगेच सगळं सुधारत नाही, वाचत राहशील तसे शब्द हळूहळू जागेवर येतात. तुझी पणजी पन्नाशी उलटल्यावर सही करायला शिकली होती. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बघत बसले होते.

2025 चा क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन 33 सगळ्यात शेवटी ठेव. दरवर्षी एक चित्रकर्ती एका स्तंभावर आकडा लिहिते आणि त्या वयाचे सगळे लोक विरून जातात, आकडा दरवर्षी एकने कमी होतो, आता 33 वर आलाय. फ्रान्सच्या माँपेलिएमधल्या छोट्या स्टुडिओने केलाय. हा मात्र आपण एकत्र खेळू, म्हणजे कंट्रोलर तुझ्या हातात आणि मी शेजारी, लढाईत वार चुकवायला वेळ अचूक साधावी लागते आणि तुझे हात माझ्यापेक्षा चपळ आहेत.

तर आत्ता क्रोनो, मग डिस्को, बाकीचं तुझ्या मनाने. मी माझी गेम्सची लायब्ररी शेअर करून ठेवते आज रात्री, डिस्को त्यात आहे, क्रोनो तुझ्या अकाउंटवर वेगळा घेऊन देते. चार्जर लावूनच खेळ, त्या लॅपटॉपची बॅटरी तासभरही टिकत नाही. आणि खटल्यापर्यंत पोचलीस की किती वाजले असतील ते न बघता फोन कर, ज्यूरीतल्या कोणी काय मत दिलं ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

आई