साहेब, साताऱ्याला सायकलची एक सोपी वाट द्या

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य
तथा पालकमंत्री, सातारा जिल्हा

विषय : सातारा शहरालगतच्या डोंगरउतारांवर नवशिक्यांसाठी माउंटन बाइकचे ट्रेल करण्याबाबत

साहेब, रामराम.

विषयाची ओळ सरकारी केलीय ती फाइल कुठल्या टेबलावर जायची ते कळावं म्हणून, बाकीचं पत्र मी बोलतो तसंच लिहिणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

साताऱ्यात कुठल्याही सायकलच्या दुकानापुढं उभं राहून बघा. पुढच्या लाइनीत सगळ्या जाड टायरच्या, पुढं शॉकअप, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. पोराला दहावीला मार्क चांगले पडले की हीच सायकल, आणि चाळिशीत डॉक्टरनी शुगर सांगितली की बापालाही हीच. आणि मग ह्या सगळ्या माउंटन बाइक जातात कुठं, तर पोवई नाका, बॉम्बे रेस्टॉरंट चौक, लई झालं तर सर्व्हिस रोडनं थोडं पुढं आणि परत. चारी बाजूंनी डोंगर असलेल्या गावात डोंगराची सायकल डांबरावर फिरतीय आणि टायरचे गुट्टे झिजून गुळगुळीत होतायत, त्यांना माती म्हणून लागत नाही.

ज्यांना जरा दम आहे ते यवतेश्वरच्या घाटात जातात. हिल मॅरेथॉनमुळं हा घाट आता सगळ्या देशाला माहीत झालाय, सकाळी सहाला तिथं खरंच स्वर्ग असतो. पण सप्टेंबर आला, कासला फुलं आली, की शनिवार-रविवारी तिथं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वळणावर ओव्हरटेक, खिडकीतून बाहेर काढलेला मोबाइल, आणि कडेनं सायकलवर चाललेली एखादी पोरगी जिला हॉर्न मारून मारून गटारात घालायचं बाकी ठेवतात. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांनी हौसेनं सायकली घेतल्या आणि घाटात दोन-तीनदा हा अनुभव आल्यावर त्या पार्किंगमध्ये लावून ठेवल्या, आता त्यावर फक्त धूळ बसतीय. गाडीवाल्यांना शिव्या द्यायला हे पत्र नाहीये, रस्ता एकच आणि त्यावर हक्क सांगणारे हजार, मग असंच होणार.

आता कुणी म्हणेल रस्त्यावर नको तर डोंगरात जा की, कोण अडवलंय. जातात ना. पण डोंगरात ज्या वाटा आहेत त्या एकतर किल्ल्यावर नाहीतर देवाला जाणाऱ्या, आणि आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्या पायानं चढायला पाडल्यात, म्हणजे सरळ नाकासमोर वर. त्याच वाटेनं नवीन माणूस सायकल घेऊन खाली सुटला तर घसाऱ्यावर पुढचा ब्रेक दाबतो आणि हँडलवरून पुढं जातो. पोहायला शिकवायचं म्हणून पोराला भोपळा न बांधता थेट विहिरीत ढकलण्यातला हा प्रकार आहे. एखादा तरतो, पण बाकीचे परत पाण्याकडं बघत नाहीत.

ह्याच्या मधली जी पायरी आहे ती आपल्याकडं नाही, आणि मी मागतोय ती तेवढीच.

बाहेरच्या देशात सायकलसाठी आखलेल्या मातीच्या वाटांच्या, म्हणजे ट्रेलच्या, ग्रेड ठरलेल्या आहेत, बर्फावर स्कीइंग करतात तिथल्यासारख्या. हिरवा गोल म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा चौकट (पत्त्यातला असतो तसा) म्हणजे अवघड. माउंटन बाइकवाल्यांची इम्बा म्हणून आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९८८ पासूनची, तिचं माप असं की हिरवा ट्रेल कमीत कमी तीन फूट रुंद पाहिजे आणि सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे शंभर फूट पुढं गेलात तर पाच फूट वर, आणि वाटेत चुकवता न येणारा दगड किंवा मूळ दोन इंचापेक्षा मोठं नको. निळ्याला रुंदी दोन फूट चालते, सरासरी चढ दहा टक्क्यांपर्यंत, आठ इंचापर्यंतचे अडथळे. ह्यात कुठं उडी नाही, कडा नाही, यूट्यूबवर दिसतं तसलं काही नाही. आठवीतली मुलगी आणि तिची आजी (हो, चालवतात आज्या, येऊन बघा) एका सकाळी हिरव्या ट्रेलवर जाऊन हसत घरी येऊ शकतात. पेडल समांतर ठेवून उभं राहायचं, गुडघे-कोपर सैल सोडायचे, ब्रेकवर एकच बोट, नजर लांब, एवढं अंगात बसलं की मग निळा.

आणि साहेब, हा ट्रेल करायला जेसीबी लागत नाही, उलट जेसीबी आला की ट्रेल संपला. हे काम टिकाव, फावडं, घमेलं आणि पहार ह्यांचं आहे, आणि ते करणारी माणसं ह्या जिल्ह्यात जेवढी आहेत तेवढी राज्यात दुसरीकडं असतील का मला शंका आहे. पाणी फाउंडेशनची गावागावांतली वॉटर कप स्पर्धा आठवा. २०१६ ला पहिला नंबर कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचा, २०१८ ला माणमधल्या टाकेवाडीचा. त्या उन्हाळ्यांत आपल्या गावागावांतल्या बायाबापड्या लाकडाची ए-फ्रेम घेऊन डोंगरावर समपातळी रेषा आखत होत्या आणि सीसीटी, म्हणजे त्या रेषेवरचे सलग चर, खणत होत्या. ट्रेलचं तंत्र म्हणजे त्याच घरातलं हो. डोंगराच्या पोटातून आडवी रेषा आखायची, फक्त सीसीटी पाणी धरून ठेवते आणि ट्रेलनं पाणी धरायचं नाही, लगेच सोडून द्यायचं. म्हणून ट्रेलची बाहेरची, म्हणजे दरीकडची कड किंचित खाली ठेवतात, आणि दर थोड्या अंतरावर वाट जराशी खाली जाऊन परत वर उचलतात म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता तिथंच बाहेर पडतं. आणि एक नियम आहे की वाटेचा चढ त्या डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. उतार तीस टक्के असेल तर वाट पंधराच्या आत. हे पाळलं नाही तर पहिल्याच पावसात वाटेचा ओढा होतो. आपल्या सरळसोट पायवाटा बघा ना, मधोमध ओघळ पडलाय म्हणून लोक कडेनं चालतात, मग कडेला दुसरा ओघळ, असं करत दोन फुटांची वाट पंधरा फूट रुंद झालेली असते आणि मुरूम सगळा खाली. नीट आखलेला ट्रेल डोंगराची माती वाचवतो असं मी म्हणतो तेव्हा लोकांना ते सायकलवाल्याचं गोड बोलणं वाटतं, पण टाकेवाडीच्या माणसाला विचारा, त्याला लगेच पटेल.

कुठं करायचा हे बोलण्याआधी कुठं नाही ते सांगतो, कारण तुमच्याकडं येणारा पहिला आक्षेप हाच असणार. कास पठारावर नको. २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलेलं ते पठार, कातळावर चार बोटं माती आणि त्यात ती फुलं, तिथं चाक गेलं तर मीच पहिला ओरडेन. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नको, तिथं वाघ परत आणायचं काम चाललंय आणि त्याच्या वाटेत आम्हाला यायचं नाही. किल्ल्यांवर नको. अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी अख्खं सातारा चालायला जातं, त्यांच्या पायात सायकली घालून भांडणं कशाला लावायची.

पाहिजे ते शहराला लागून असलेले उघडेबोडके उतार, जिथं आत्ता गुरं चरतात, दर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागतो आणि बाकी वर्षभर बाटल्या फुटतात. पश्चिमेला एक आणि पूर्वेला, जरंडेश्वरच्या पायथ्याकडं किंवा कोरेगावच्या बाजूला एक, असे दोन झाले तर लई उत्तम. कारण आपला जिल्हा असा विचित्र की महाबळेश्वरला पाऊस मोजता मोजता माणूस दमतो आणि माणमध्ये ढगाकडं बघून दमतो. पावसाळ्यात पश्चिमेचा ट्रेल सरळ कुलूप लावून बंद ठेवायचा, ओल्या मातीत चाक गेलं की घळ पडतेच, आणि त्या चार महिन्यांत पूर्वेचा चालू. दुष्काळी भागातल्या डोंगरालाही पर्यटनाचे चार पैसे मिळूदेत की कधीतरी. आत्ता पर्यटन म्हणलं की सगळ्या गाड्या पश्चिमेलाच वळतात.

वणव्याचं मुद्दाम सांगायचंय. वनखातं दर वर्षी जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा पट्टा मोकळा करतं की आग पलीकडं जाऊ नये. तीन फुटांच्या वाटेनं मोठा वणवा थांबत नाही हे मलाही कळतं. पण ज्या डोंगरावर रोज सकाळ-संध्याकाळ माणसं फिरतायत तिथं काडी टाकणाऱ्याला टाकताना कुणीतरी बघतं, आणि आग लागलीच तर फोन अर्ध्या तासानं न जाता लगेच जातो, आणि विझवायला जाणाऱ्यांना वर पोचायला वाट तयार असते. वनखात्याला फुकटात एवढे पहारेकरी कुठं मिळणार.

आता खरी अडचण. वनखातं तुमच्याकडं नाही, माहितीये मला. आणि राखीव वनात परवानगीशिवाय माती उकरणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, तो असायलाच पाहिजे, नाहीतर उद्या कुणीही उठून डोंगर फोडेल. पण आत्ता परिस्थिती अशी की एकाच टेकडीवर एक माणूस म्हणतो जावा बिनधास्त, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा म्हणतो सायकल जप्त करीन. कागदावर काहीच नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. म्हणून जी पोरं नियमानं चालणारी आहेत ती घरी बसतात, आणि ज्यांना कशाचंच सोयरसुतक नाही ते मोटारसायकली घेऊन पठारावर चाकं फिरवून गवत उपटतात आणि त्याचं रील टाकतात. मग पेपरात फोटो येतो आणि सगळ्या दोन चाकांवर बंदीची मागणी होते! सायकलला इंजिन नसतं हो. ट्रेलच्या तोंडाशी मोटारसायकल आत जाणार नाही असं अडवणारं गेट तर पहिल्या दिवसापासून पाहिजे.

म्हणून तुम्ही पालकमंत्री ह्या नात्यानं करू शकता ते हे की वनविभाग, नगरपालिका, त्या उतारांखालच्या ग्रामपंचायती आणि आम्ही सायकलवाले ह्यांना एका खोलीत बसवा. जागा ठरवा, वनखात्याच्या कार्य आयोजनेत (वर्किंग प्लॅनमध्ये) निसर्ग पर्यटन म्हणून बसवा, आणि चालवायला गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडं द्या. कासला हे आपण करून दाखवलंय की, आजूबाजूच्या गावांच्या समित्या तिकीट, पार्किंग, गाइड सगळं बघतात. तसंच इथं. गावच्या पोरांनी सायकली भाड्यानं द्याव्या, पंक्चर काढावी, शिकवावं, बचत गटानं चहा-कांदाभजी. आणि सरकारी वनात हे कसलं खूळ असं कुणी म्हणलं तर त्याला सांगा की स्कॉटलंडच्या दक्षिण भागात सेव्हनस्टेन्स नावानं सात ठिकाणी ट्रेल आहेत, आणि ते तिथल्या सरकारी वनखात्याच्याच जंगलात आहेत.

वाटेवरचे नियमही लगेच ठरतील. चालणाऱ्याला आधी वाट, गुरांना त्याच्याही आधी. खाली येणाऱ्यानं वर चढणाऱ्यासाठी थांबायचं, हे आपल्याला घाटात गाडी चालवताना शिकवलेलंच असतं. सूर्य उगवल्यावर आत, मावळायच्या आधी बाहेर, कारण गवे आणि बिबटे आपल्याकडं शोभेला नाहीत. हेल्मेट नसेल तर गेटवरनंच परत. दर थोड्या अंतरावर नंबराची खुणेची पाटी, म्हणजे कुणी पडलं तर फोनवर "त्या आंब्याच्या झाडापाशी" न सांगता नंबर सांगता येईल. पडणार तर लोक, सायकल आहे ती, पण हिरव्या ट्रेलवर पडणं म्हणजे गुडघा सोलतो, घाटात पडणं म्हणजे मागून ट्रक येतो.

एक हात जोडून विनंती, ह्याचा महोत्सव करू नका. तुमच्यावर टीका म्हणून नाही सांगत, पण आपल्याकडं होतं असं की एक दिवस स्टेज, फ्लेक्स, झेंडा दाखवून शर्यत, टी-शर्ट वाटप, आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर पाण्याच्या बाटल्या. जत्रेतल्या सायकल शर्यती मला आवडतात, मुंबई-पुण्याच्या शर्यतीतला घाटाचा राजा कोण झाला ह्याची चर्चा घरात व्हायची असल्या वयाचा मी आहे. पण शर्यत ज्याला येतं त्याच्यासाठी असते. मला काळजी आहे ज्याला येत नाही त्याची. हा जिल्हा खाशाबांचा, ललिता बाबरांचा, आदिती स्वामीचा, तेव्हा ऑलिम्पिकमध्ये १९९६ पासून असलेल्या ह्या खेळात उद्या इथलं कुणी गेलं तर आनंदच आहे, ते आपोआप होईल नाहीतर नाही होणार. आधी शाळेतल्या पोरांना रविवारी सकाळी जायला जागा द्या.

आणि काचेचा पूल, झिपलाइन असलं काही ह्याच्यासोबत जोडू नका. कोयनेच्या पाण्यावर मुनावळ्याला जलपर्यटन झालं, चांगलंय, तिथं बोटी लागतात, जेट्टी लागते, खर्च आहेच. इथं खर्च मजुरीचा, पाट्यांचा आणि दर वर्षी पावसाळ्यानंतरच्या डागडुजीचा. ती डागडुजी मात्र बजेटमध्ये पहिल्या वर्षापासून लिहून ठेवा, नाहीतर उद्घाटनाची कोनशिला राहते आणि वाट वाहून जाते. नवीन महाबळेश्वर ह्या गिरिस्थान प्रकल्पाचा २३५ गावांचा आराखडा करायला घेतला तेव्हा त्यात रस्ते, हॉटेलं सगळ्याची चर्चा झाली, त्यातही एखाद्या पानावर तीन फुटांची वाट बसतीय का तेवढं बघायला सांगा.

मीटिंग लावायची तर रविवार सोडून कधीही लावा. आणि त्याआधी तुम्हाला किंवा तुमच्या पीएना तासभर मोकळा असेल तर या, चाळकेवाडीला पवनचक्क्यांखालच्या मुरमाच्या रस्त्यावर चालवून बघू, तो रस्ता जवळजवळ हिरव्या ग्रेडचाच आहे. सायकल आमची, फक्त उंची आणि हेल्मेटचा साइज आधी कळवा.

आपला,
सातारचा एक सायकलवाला