मीटर रूमची देखभाल आणि वीजमीटरची तपासणी यांसाठी ठराव मांडण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, नेरूळ, नवी मुंबई

महोदय,

स.न.वि.वि.

सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत मीटर रूमची देखभाल आणि मीटर तपासणी हा विषय घ्यावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लिफ्ट, टाक्या आणि अग्निशमन यंत्रणेसाठी आपल्याकडे वार्षिक करार आहेत. ज्या खोलीतून प्रत्येक घराची वीज जाते, तिच्यासाठी मात्र कागदावर एक ओळही नाही.

निमित्त बी विंगमधल्या आजींच्या बिलाचे. एकट्या राहतात, घरात एसी नाही, तरी उन्हाळ्यात बिल दुपटीवर गेले. "नवीन मीटर पळतात" असे सगळेच म्हणाले. आजींच्या मुलाने रीतसर अर्ज करून, तपासणीची फी भरून मीटर तपासून घेतले आणि ते बरोबर निघाले. दोष मीटरच्या पुढच्या वायरिंगमध्ये होता. पॅनेल बदलताना वायरमनने वरच्या फ्लॅटची न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी वायर, आजींच्या न्यूट्रलमध्ये जोडून टाकली होती. हल्लीचे बहुतेक सिंगल फेज मीटर चोरी पकडता यावी म्हणून फेज (प्रवाह आणणारी वायर) आणि न्यूट्रल या दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल तो धरतात. वरच्या घराचा प्रवाह आजींच्या मीटरमधून परतत राहिला आणि त्यांच्या बिलात चढत गेला. वरच्यांच्या मीटरवरही तो फेजमधून नोंदला जातच होता, म्हणजे एकाच विजेचे पैसे दोन घरांनी भरले. या दोन प्रवाहांत फरक पडला की पेटणारा मीटरवरचा 'ईएल' (अर्थ लोड) हा लाल दिवा त्या काळात पेटलेला होता. त्याचा अर्थ जाणणारे कोणी त्या खोलीत फिरकलेच नाही.

मीटर महावितरणचे असते. त्याची देखभाल आणि तपासणी हे त्यांचे काम. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2006 च्या विनियमांनुसार ग्राहकांच्या मीटरची किमान पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हायला हवी. मीटरच्या पुढची वायर, खोली, तिची ओल आणि तिचे कुलूप मात्र आपल्याकडे येते. संशय आला की आपण सगळे पहिल्या अर्ध्याकडे बोट दाखवतो आणि आपला अर्धा उघडूनही पाहत नाही. ठराव या दोन्ही अर्ध्यांसाठी हवा.

महावितरणकडे सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र जावे आणि आपल्या सर्व मीटरची शेवटची तपासणी कधी झाली, याची तारीखवार माहिती मागावी. पाच वर्षे उलटलेल्या मीटरची तपासणी त्याच पत्रात मागावी. एकेका सभासदाने खेटे घालण्यापेक्षा संस्थेच्या पत्राला वजन असते. शिवाय वीज ग्राहक हक्क नियम, 2020 सभासदांना समजावून सांगायला हवेत. वापराच्या मानाने रीडिंग जास्त वाटते अशी तक्रार आली की 30 दिवसांत मीटर तपासावे लागते. 2024 च्या दुरुस्तीनंतर तर अशा तक्रारीवर पाच दिवसांत जोडीला दुसरे मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळायचा आहे. ही तरतूद आपल्या इमारतीत किती जणांना ठाऊक आहे? नोटीस बोर्डावर मराठीत लावली तरी पुष्कळ काम होईल. तेवढ्याने प्रश्न सुटला नाही, तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल आहेतच.

आता आपला अर्धा. मीटर रूममध्ये आज दोन सायकली, रंगाचे डबे आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोल आहे. खाडीच्या खाऱ्या हवेने टर्मिनलचे स्क्रू गंजतात, सैल पडतात, सैल जोड तापतो आणि त्याच्या शेजारी थर्माकोल! हे सामान सभेची वाट न पाहता याच आठवड्यात बाहेर काढावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नंतर दर वर्षी पावसाळ्याआधी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मीटरपुढचे जोड, न्यूट्रल आणि अर्थिंग तपासून लेखी अहवाल घ्यावा. किल्ली एकाच ठिकाणी असावी. कोण, केव्हा आणि कशासाठी आत गेला याची वहीत नोंद व्हावी. ती वही असती तर पॅनेलचे काम कोणी केले हे शोधत बसावे लागले नसते.

सीलला कोणीही हात लावायचा नाही, हे वायरमनला काम देतानाच लिहून द्यावे. मीटरमध्ये ढवळाढवळ केल्यास वीज कायदा 2003 च्या कलम 138 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्येक सीलचा फोटो काढून ठेवला तर उद्या कोणावर खोटा आळ येणार नाही.

लिफ्ट आणि पंपाच्या मीटरचे रीडिंग वॉचमनने दर महिन्याच्या 1 तारखेला वहीत उतरवावे. थ्री फेज मीटरला एक फेज मिळेनासा झाला तर साधारण तृतीयांश वापर नोंदला जात नाही. बिल कमी आले म्हणून आपण खूश राहतो आणि पुढे वसुलीचा आकडा सर्वांच्या मेंटेनन्समध्ये येऊन बसतो.

सभासदांना घरच्या घरी करता येईल अशी चाचणीही सभेत दाखवावी. घरातले सगळे बंद केल्यावर मीटरवरचा लुकलुकणारा दिवा थांबला पाहिजे. मीटरवर 3200 इम्पल्स असे लिहिले असेल तर 3200 वेळा लुकलुकल्यावर एक युनिट होते. म्हणजे फक्त 2000 वॅटचा गीझर चालू ठेवला तर मिनिटाला साधारण 107 वेळा. व्होल्टेजप्रमाणे थोडे कमी-जास्त होईल, पण फरक मोठा दिसला तर अर्ज करायला आधार मिळतो. आपल्या फ्लॅटचा मेन स्विच बंद केल्यावर नेमका आपलाच मीटर थांबतो का, हेही त्याच वेळी पाहून मीटरवर फ्लॅट क्रमांक रंगवून घ्यावेत.

खर्चाचा अंदाज मागवण्यासाठी ठेकेदारांकडे जायला मी तयार आहे. दोन-तीन कोटेशन सभेआधी आपल्याकडे देईन. समितीच्या पुढच्या बैठकीत हे पत्र वाचून विषयपत्रिकेबाबतचा निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
बी विंगमधील एक सभासद