परिचारिका जर्मनीला पाठवताना रत्नागिरीतल्या वृद्धांचाही विचार व्हावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत फेब्रुवारी २०२४ मध्ये करार झाला. पहिल्या टप्प्यात सुमारे १०,००० तरुण-तरुणींना पाठवण्याचा मानस तेव्हा जाहीर करण्यात आला होता आणि त्यात परिचारिका व रुग्णसेवकांचा प्रामुख्याने उल्लेख होता. त्यानंतरची चर्चा बहुतांशी किती जण जाणार आणि पगार किती मिळणार याभोवतीच फिरत राहिली. आयुष्यभर परिचर्या शिकवली असल्यामुळे, कराराच्या ज्या बाजूकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते, तिच्याविषयी लिहीत आहे.

ही गरज मुळात जर्मनीची आहे, हे आपण आधी नीट लक्षात घेतले पाहिजे. तिथे १९६४ साली साडेतेरा लाखांहून अधिक मुले जन्माला आली. २०२४ साली हा आकडा सात लाखांच्याही खाली होता. साठच्या दशकात जन्मलेली ती मोठी पिढी आता निवृत्त होत आहे आणि पुढची काही दशके तिची शुश्रूषा करण्यास पुरेसे हात त्या देशात नाहीत. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. ज्याला निकड आहे त्याच्याशी बोलताना आपण अटी घालू शकतो, आणि त्या घातल्या पाहिजेत.

पहिली अट उमेदवाराच्या संरक्षणाची. आपल्याकडे जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली मुलगी जर्मनीत उतरताच परिचारिका ठरत नाही. भाषेची पातळी सिद्ध करून, तिथे पूरक अभ्यासक्रम किंवा परीक्षा देऊन पदवीला मान्यता मिळेपर्यंत तिला साहाय्यकाच्या पदावर आणि साहाय्यकाच्या पगारावर काम करावे लागते. शिवाय कामाचे स्वरूपही वेगळे असते. आपल्या रुग्णालयांत रुग्णाला पुसून घेणे, भरवणे, कूस बदलून देणे ही कामे नातेवाईक आणि मावशी करतात, तर परिचारिका इंजेक्शने, सलाइन आणि नोंदी पाहते. तिथल्या वृद्धाश्रमात मात्र हीच अंगाची सेवा परिचारिकेच्या कामाचा गाभा आहे. वर्गात प्रमाण जर्मन शिकून गेलेल्या मुलीसमोर स्मृतिभ्रंश झालेल्या आजीबाई त्यांच्या श्वेबियन या तिथल्या स्थानिक बोलीत काही मागू लागल्या, की निम्मे शब्द कळत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी सांगत होती की, सुरुवातीच्या महिन्यांत कामाच्या कष्टापेक्षा, समोरच्या म्हाताऱ्या माणसाला नेमके काय हवे आहे हे न कळल्याचे दुःख तिला अधिक होई. तिच्या घरच्यांनी एका खासगी एजंटाला पैसे देण्यासाठी सोसायटीचे कर्ज काढले होते. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, हे त्या कुटुंबाला कुणीच सांगितले नव्हते.

केरळने या बाबतीत वेगळी वाट धरली आहे. तेथील ‘नोर्का रूट्स’ या शासकीय संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या रोजगार यंत्रणेशी ‘ट्रिपल विन’ हा करार केला. त्यात परिचारिकांच्या निवडीचे आणि भाषाशिक्षणाचे पैसे उमेदवाराकडून घेतले जात नाहीत. महाराष्ट्रातही भाषावर्गांचा खर्च शासनाने उचलण्याचे ठरले, ही चांगली गोष्ट आहे. पण शासनाची जबाबदारी विमानतळावर संपता कामा नये. पदवीला मान्यता मिळेपर्यंत गेलेल्या परिचारिकेशी संपर्क ठेवणारा आणि तक्रार ऐकणारा मराठी जाणणारा अधिकारी तिथे असावा, आणि मान्यतेच्या काळातील पगार किती व घरभाडे कोण देणार हे इथून निघण्यापूर्वीच तिच्या हाती लेखी असावे. जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी असेच करार करून कामगार आणले होते. ते परत जातील असे गृहीत धरल्यामुळे त्यांच्या भाषेकडे आणि कुटुंबांकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, आणि त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

दुसरी अट आपल्या वृद्धांसाठी आहे आणि ती मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, १.७ आहे; म्हणजे आपणही त्याच रस्त्याला लागलो आहोत. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. वाडीवाडीत मुले मुंबई-पुण्याला आणि आईवडील गावी, असे चित्र आहे. खुब्याचे हाड मोडलेली बाई शस्त्रक्रियेनंतर घरी येते तेव्हा तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवणारे कुणी नसते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या नवऱ्याला ते झेपत नाही, आणि एकाच कुशीवर पडून राहिल्याने झालेली जखम (बेडसोअर) हाडापर्यंत गेल्यावर तिला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागते. अशा जिल्ह्यांतून प्रशिक्षित मुली परदेशी जाणार असतील, तर त्यांची जागा कोण घेणार याचे उत्तर करारात असायला हवे. मुलींनी जाऊ नये, असे मी मुळीच म्हणत नाही. इथल्या खासगी रुग्णालयांतील तुटपुंजा पगार पाहता त्यांना अडवण्याचा नैतिक अधिकार कुणालाही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत, आरोग्य कर्मचारी घेणाऱ्या देशांनी ते पुरवणाऱ्या देशांच्या आरोग्यव्यवस्थेला तांत्रिक व आर्थिक साह्य करावे अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. ती बंधनकारक नाही, पण वाटाघाटीत तिचा आधार नक्की घेता येतो. त्यानुसार, जिथून परिचारिका जातील त्या जिल्ह्यातील शासकीय परिचर्या विद्यालयात सिस्टर ट्यूटरची, म्हणजे परिचर्या शिकवणाऱ्या शिक्षिकांची, रिक्त पदे भरण्यासाठी, प्रात्यक्षिक कक्षांसाठी आणि घरोघरी वृद्धसेवा देणाऱ्या स्थानिक महिलांच्या पगारी प्रशिक्षणासाठी जर्मन बाजूने दर उमेदवारामागे ठरावीक रक्कम द्यावी, अशी मागणी राज्य शासनाने पुढील वाटाघाटीत लेखी स्वरूपात मांडावी.

आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर
चिपळूण, जि. रत्नागिरी