संघराज्य मुंबईपाशीच का थांबते?

महोदय,

केंद्र सरकार राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमण करते, ही तक्रार विरोधात असताना आपल्याकडच्या बहुतेक पक्षांनी केलेली आहे, आणि ती निराधार नाही. समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयावर केंद्राचा आणि राज्याचा कायदा परस्परविरोधी ठरला, तर अनुच्छेद 254 प्रमाणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. राज्याला आपला कायदा टिकवायचा असेल, तर राष्ट्रपतींची संमती मिळवावी लागते. तरीही उरलेल्या अवकाशात महाराष्ट्राने पुष्कळ काही केले. रोजगार हमीचा कायदा आपण 1977 साली केला, केंद्राने तो मार्ग 2005 मध्ये धरला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही राज्याचाच.

मात्र दिल्लीकडे अधिकार मागणारे हेच राज्य आपल्या शहरांना अधिकार देताना हात आखडता घेते. 74व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून महापालिकांना घटनेत स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीत 18 विषय नोंदले गेले. त्यांतला पहिलाच विषय नगरनियोजनाचा आहे. हे विषय प्रत्यक्षात किती सोपवायचे, हे अनुच्छेद 243-डब्ल्यूने विधिमंडळाच्या मर्जीवर ठेवले, आणि सारी गोम तिथेच आहे. सूस, म्हाळुंगे, वाघोली यांसह 23 गावे 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचा अधिकार राज्याने तेव्हा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) दिला, ज्याचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री असतात. म्हणजे कचरा पालिकेने उचलायचा आणि रस्ता कुठून जाणार हे दुसऱ्याने ठरवायचे! ज्याला मत मागायला दारात यायचेच नाही, त्याला सूसच्या रहिवाशाने जाब तरी कसा विचारायचा?

निवडणुकीबाबत तर घटनेने मर्जीला जागाच ठेवलेली नाही. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे अनुच्छेद 243-यू सांगतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात हे बंधन अधोरेखितही केले होते. पुण्यातील नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, हे खरे आणि तो प्रश्न महत्त्वाचाही होता. पण त्याच काळात प्रभाग चार सदस्यांचा की तीन सदस्यांचा, हा निर्णय सरकार बदलताच फिरला आणि प्रभागरचनेचा अधिकार 2022 मध्ये कायदा बदलून राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाने स्वतःकडे घेतला. याला न्यायालयीन अडचण म्हणता येणार नाही. अखेर निवडणुका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये सांगावे लागले.

राज्यपालांनी विधेयके अडवली की संघराज्याची आठवण काढणाऱ्या आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाला परत देणारी दुरुस्ती विधिमंडळात आणावी. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे