पुस्तकाच्या आतलं काम

नारायण पेठ, पुणे

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, पुस्तक लेखकाचं, पैसे प्रकाशकाचे, मी फक्त कव्हर करते." तो 'फक्त' मला रात्रभर टोचत राहिला.

तीस वर्षं छापखान्यात गेली माझी. अप्पा बळवंत चौकात लोक पुस्तक कसं घेतात ते खूपदा पाहिलंय. आधी मुखपृष्ठ, मग उलटं करून मलपृष्ठ, मग मधलंच एखादं पान. तिथे नजर अडखळली की पुस्तक परत गठ्ठ्यावर. ते मधलं पानही तूच मांडतेस ना?

आपल्या अक्षरांना वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजी पानाला पुरतं तेवढं अंतर मराठी ओळींना पुरत नाही. एका प्रुफात, म्हणजे तपासायच्या कच्च्या छपाईत, वरच्या ओळीतल्या 'कृ'चा ऋकार खालच्या 'र्थी'च्या रफारात घुसलेला मी पाहिलाय. आम्ही खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवताना ओळींमध्ये शिशाची पट्टी घालायचो, तू संगणकावर आकडा बदलतेस. पण पान कागदावर काढून बघ, पडद्यावर फसायला होतं.

तुझ्याकडे लहान मुलांचं पुस्तक आलंय म्हणून सांगतो, फाँट निवडताना 'ल' आणि 'श' आधी बघ. पाकळीचा ल, देठाचा श हे आपलं मराठी वळण, हिंदीचं वेगळं. २००९च्या सरकारी निर्णयातही तेच आहे. मूल पुस्तकात बघेल तसंच पाटीवर गिरवणार.

आता माझी एक चूक. २४० पानांचं पुस्तक, सोळा पानांचा एक असे पंधरा फॉर्म. ठरलेला ७० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ७० ग्रॅम) कागद मिळेना, म्हणून मी ९०चा जाड कागद लावला आणि मुखपृष्ठ करणाऱ्या मुलाला कळवलंच नाही. कणा, म्हणजे पुस्तकाची बांधणीकडची जाड कड, अडीच-तीन मिलिमीटरनं फुगला. हजार कव्हरं आधीच छापून, लॅमिनेशन होऊन आलेली. बांधणीनंतर कण्यावरचं नाव एका कडेला सरकलेलं. बोलणी त्या मुलाला बसली आणि मी गप्प राहिलो. त्याचं आजही वाईट वाटतं. म्हणून सांगतो, कागद कुठला आणि पानं किती, हे छापखान्याकडून लेखी घेतल्याशिवाय कण्याचं माप धरू नकोस. आणि संहिता पूर्ण वाच. सारांशावर काढलेलं चित्र वाचकाला लगेच कळतं.

श्रेयपानावर मुखपृष्ठ आणि मांडणी, दोन्हींपुढे तुझं नाव माग. संकोच करू नकोस. प्रकाशक विसरले तर प्रुफातच आठवण कर, नंतर काही होत नाही.

पहिला फॉर्म छापून आला की एक प्रत घरी पाठव. मोजपट्टी काढून ठेवली आहे, समास मोजून कळवतो.

तुझे
बाबा