बाबा, गुण्या-कानस माळ्यावरून काढा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायला घेतलं की नेमका कुकर होतो नाहीतर बाबा "थांब, आईला देतो" म्हणून फोन पुढे करतात, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. सावकाश वाचा, एका बैठकीत नाही झालं तरी चालेल.

बाबा, तुम्ही फॅमिली ग्रुपवर ते चार वर्तुळांचं चित्र टाकलंत ना, काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतात आणि चारही जिथे एकमेकांवर येतात तिथे मधोमध इकिगाई, म्हणजे जपानीत जगण्याचं कारण. आणि खाली लिहिलंत, "आमचं चौथं वर्तुळ रिटायरमेंटलाच पुसलं गेलं." काकांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या, पण मला काही हसू आलं नाही. कारण आई सांगते ते मला माहितीये, की तुम्ही सकाळचा पेपर दुपारपर्यंत पुरवता आणि कोणी काही विचारलं की "आता आमचा काय उपयोग" म्हणता.

तर आधी त्या चित्राचं सांगते, कारण ते तुमच्या मनाला लागलंय. ते चित्र जपानी नाहीच आहे. आंद्रेस झुझुनागा नावाच्या स्पॅनिश माणसाने आयुष्याचा उद्देश शोधायला म्हणून ती वर्तुळं काढली होती, आणि 2014 साली मार्क विन याने मधला शब्द काढून तिथे इकिगाई लिहिलं, मग ते जगभर फिरलं आणि फिरत फिरत सिंहगड रोडला आपल्या घरी पोचलं. इथे जपानमध्ये पैसे मिळण्याचा आणि इकिगाईचा असा काही संबंध कुणी लावत नाही. माझ्या ओळखीतल्या वयस्कर लोकांना विचारलं की कोणी नातवाचं नाव घेतं, कोणी बाल्कनीतल्या टोमॅटोच्या कुंड्या दाखवतं, एका आजींनी तर शनिवारचा कोरस क्लास सांगितला. तुमचं कुठलंच वर्तुळ पुसलं गेलेलं नाहीये बाबा, ते वर्तुळ मुळात तिथे नव्हतंच.

मी मध्ये ओकायामाला गेले होते ते तुम्हाला फोटोंवरून माहितीये. तुम्ही दोघं जिथे संध्याकाळी फिरायला जाता ती पु. ल. देशपांडे उद्यानाची बाग ज्या कोराकुएन बागेवरून केलीये, ती मूळ बाग बघितली, छानच आहे, पण मी गेले होते दुसऱ्याच गोष्टीसाठी, ते फोनवर नीट सांगता आलं नाही. ओकायामा जिल्ह्यातच समुद्रात नागाशिमा म्हणून बेट आहे, किनाऱ्याच्या अगदी जवळ, आणि तिथे 1930 साली कुष्ठरुग्णांसाठी सरकारी वसाहत काढली. वसाहत कसली, कोंडवाडाच. एकदा आत गेलं की घर सुटलं, बऱ्याच जणांनी तर घरच्यांना त्रास नको म्हणून नावं बदलली. पुढे औषध निघालं, लोक बरे झाले, तरी त्यांना वेगळं ठेवायचा कायदा 1996 पर्यंत चालूच होता! आणि एवढ्याशा पाण्यावरून पूल व्हायला 1988 उजाडलं. तिथे आता म्युझियम आहे, जुन्या ऑफिसच्या इमारतीत. मी तिथून बाहेर आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलले नाही.

या बेटावर कामिया मिएको नावाच्या मानसोपचार डॉक्टर काम करायच्या. ओकायामातच जन्मलेल्या, 1914 सालच्या. तरुणपणी एकदा अशाच एका वसाहतीत प्रार्थनेच्या वेळी ऑर्गन वाजवायला गेल्या आणि तिथली माणसं बघून ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं, घरून विरोध, मध्ये स्वतःला टीबी, तरी झाल्या. 1957 मध्ये नागाशिमाला त्यांनी रुग्णांना विचारायला सुरुवात केली की दिवस कसे जातात, पुढे काय दिसतं. बऱ्याच जणांनी सांगितलं की काहीच दिसत नाही, वेळ नुसता जातोय. बाबा, हे वाचलं तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू आला. पण त्याच बेटावर, तोच आजार, तेच जेवण, तोच समुद्र, आणि तरी काही माणसं आतून भरलेली होती, आणि त्यांचा आजार कमी होता अशातला भाग नाही. कामियाबाईंना हेच कोडं सुटेना की फरक कशाने पडतो, आणि त्यावर त्यांनी 1966 मध्ये पुस्तक लिहिलं, जपानमध्ये इकिगाईवरचं पहिलं महत्त्वाचं पुस्तक म्हणून आजही त्याचंच नाव घेतात. म्हणजे बघा, ज्या गोष्टीचा आज यशस्वी करिअरचा फॉर्म्युला करून ठेवलाय, तिचा खरा अभ्यास ज्यांचं सगळंच काढून घेतलं होतं अशा माणसांमध्ये बसून झाला.

तिथे अंध रुग्णांचा एक बँड होता, 1953 मध्ये सुरू झालेला, माउथ ऑर्गनचा. बोटांची संवेदना गेलेली असायची त्यामुळे ब्रेल हाताने वाचता यायचं नाही, मग असे काही रुग्ण ब्रेल जिभेने वाचायला शिकले. जिभेने! जीभ सोलवटून रक्त यायचं तरी वाचायचे. पैसे नाहीत, बढती नाही, बाहेरच्या जगाने तर नाव टाकलेलं, पण संध्याकाळी प्रॅक्टिस आहे आणि आपला भाग आपल्याला पाठ पाहिजे कारण बाकीचे थांबलेत. बाबा, तुम्ही आनंदवनबद्दल आम्हाला लहानपणी सांगायचात, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातात भाकरीऐवजी शेत आणि माग दिले ते, मला तिथे सारखं तेच आठवत होतं.

आता माझ्या घराजवळचं सांगते. इथे सिल्व्हर सेंटर म्हणून प्रकार आहे, साठीच्या पुढच्या लोकांना थोडं थोडं हलकं काम देणारं. पहिलं 1975 साली तोक्योत निघालं, आणि तेही आमच्याच एदोगावा वॉर्डात. 1986 मध्ये कायद्यात आलं, आता देशभर जवळपास सात लाख सभासद आहेत. नोकरी नाही ती, महिन्यातले साधारण दहाएक दिवस, बागेतली झाडं छाटणं, सायकल स्टँड सांभाळणं, सरकत्या दारांचे कागद बदलणं असलं काम, मिळतात ते थोडेफार पैसे. आमच्या कम्युनिटी हॉलमध्ये महिन्यातून एकदा यांच्यातले काही आजोबा सुऱ्यांना धार लावायला बसतात. लोक पेपरात सुरी गुंडाळून लाइन लावतात.

मी आईने दिलेली ती जाड सुरी घेऊन गेले. आजोबा ऐंशीचे तरी असतील, समोर पाण्याची बादली, त्यात बुडवून ठेवलेले तीन दगड, जाड, मध्यम, मऊ. सुरी हातात घेतली, आधी काही न बोलता पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, मग खिडकीकडे धरून धारेवरून एक डोळा मिटून बघितलं आणि एका जागी बोट ठेवून मला विचारलं, इथे काय तोडलंत? खोबरं. त्यांनी मान हलवली आणि सुरुवात केली, पातं दगडावर पसरलेलं, डाव्या हाताची तीन बोटं धारेच्या मागे, जाताना दाब, येताना हलका हात. मी बघतच राहिले कारण तो हात मला ओळखीचा होता. "पुढे जाताना दाब, मागे आणताना कानशीला ओझं नको", तुम्ही आयटीआयच्या पोरांना हेच ओरडून सांगायचात ना, आणि जॉब काटकोन तपासायच्या गुण्याला लावून ट्यूबलाइटकडे धरायचात, "उजेड दिसतोय ना मधून? मग अजून काम आहे." मी शाळेतून तुमच्या वर्कशॉपला यायचे तेव्हा हे किती वेळा ऐकलंय, लोखंडाच्या किसाचा तो वास अजून नाकात आहे.

आजोबांचं आयुष्य एका छोट्या प्रेस वर्कशॉपमध्ये गेलं, मालकाने म्हातारपणी ते बंद केलं. सुरी परत देताना पेपरचा तुकडा अलगद कापून दाखवला आणि म्हणाले, एवढी बोथट होईपर्यंत थांबू नका, पुढच्या महिन्यात मी आहे इथे. बाबा, ते "पुढच्या महिन्यात मी आहे इथे" माझ्या मनातून जात नाहीये. तुमच्या बोलण्यात पुढचा महिना शेवटचा कधी आला होता?

जपानमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाहीये. एकटी माणसं घरात मरून पडतात आणि कित्येक दिवस कुणाला पत्ता लागत नाही, हेही इथलंच, आणि पेन्शन पुरत नाही म्हणून काम करणारे म्हातारेही खूप आहेत. म्हणूनच मला वाटतं की हे आपोआप होत नाही, कोणीतरी मुद्दाम हॉल उघडावा लागतो, लाइन लावणारे लोक लागतात.

आई, तुला वाटत असेल हिने सगळं बाबांनाच लिहिलं. तुझं मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण तुझं मला वेगळं सांगायचंय. ओकिनावाच्या उत्तरेला ओगिमी म्हणून गाव आहे, तीनेक हजार वस्ती, म्हाताऱ्यांसाठी प्रसिद्ध. तिकडे मोआई असते. ठरावीक बायका-माणसं दर महिन्याला जमतात, प्रत्येकाने ठरलेले पैसे टाकायचे, एकाने उचलायचे, मग चहा आणि गप्पा, आणि कोणाकडे अडचण आली की सगळे धावतात. आई, ही तर आपली भिशीच की! परदेशी लोक ओकिनावाला जाऊन याच्यावर डॉक्युमेंट्री काढतात आणि तू ती आमच्या जन्माआधीपासून चालवतेस. सुमन मावशींच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही पाळ्या लावून डबे पोचवले होते ते मी विसरलेले नाही. परवा तू म्हणालीस की गुडघ्यांमुळे आता भिशी बंद करावी म्हणते. करू नकोस गं. जिने चढवत नसतील तर आपल्याच घरी बोलाव सगळ्यांना, बाबा खुर्च्या मांडतील.

त्याच ओगिमीतल्या किजोका वाडीत केळीच्या जातीच्या झाडाच्या सोपटातून धागा काढून कापड विणतात, बाशोफू. एका किमोनोच्या कापडाला साधारण 200 खोडं लागतात, आणि धागा धाग्याला गाठ मारत जाण्याचं काम वर्षानुवर्षं गावातल्या म्हाताऱ्या बायकाच करत आल्यात. युद्धानंतर ही कला जवळजवळ संपली होती, तायरा तोशिको या बाईंनी ती परत उभी केली, आणि 2022 मध्ये त्या गेल्या तेव्हा 101 वर्षांच्या होत्या.

बाबांना आकड्यांशिवाय पटत नाही म्हणून तेही लिहिते. मियागी जिल्ह्यात ओसाकी भागात 40 ते 79 वयाच्या 43 हजारांहून जास्त लोकांना तोहोकू विद्यापीठाने एकच साधा प्रश्न विचारला, तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का, आणि पुढे सात वर्षं त्यांची माहिती ठेवली. 2008 मध्ये निष्कर्ष आला की "नाही" म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, मुख्यतः हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या आजारांनी. वय, आधीचे आजार, सिगारेट, दारू हे सगळं हिशोबात धरूनसुद्धा. याने हे औषध ठरत नाही, मला माहितीये, पण तुमच्या बीपीच्या गोळीइतकंच मी याच्याकडे गंभीरपणे बघते.

तर बाबा, माझं मागणं एकच आहे. खालच्या मजल्यावरच्या मुलाने फिटरला ऍडमिशन घेतलीये, त्याने तुम्हाला दोनदा विचारलं की काका फायलिंग दाखवाल का, आणि तुम्ही बघू म्हणालात, आईने सांगितलं मला. त्याला रविवारी बोलवा. माळ्यावर डाव्या बाजूला निळ्या पेटीत तुमच्या कानशी, गुण्या आणि तो छोटा व्हाइस आहे, कानशींना तारेचा ब्रश मारावा लागेल. व्हाइस गच्चीच्या कठड्याजवळच्या जुन्या टेबलावर बसेल, तिथे उजेडही चांगला येतो. माळ्यावर तुम्ही चढू नका, त्या मुलालाच चढवा. त्याच्या पहिल्या जॉबचा फोटो मला पाठवा, गुण्या लावलेला.

आणि मला उत्तर लिहूनच पाठवा, फोन नको. आईनेही दोन ओळी लिहायच्या, भिशी पुढच्या वेळी कुणाकडे आहे ते त्यात आलं पाहिजे.

तुमची,
सोनू