गिरगावातल्या त्या ताईंचे आभार

गेल्या मंगळवारी दुपारी माझी आई बोरिवलीच्या घरातून एकटीच बाहेर पडली. वय ८१, विसरण्याचा आजार. चार तास आम्ही स्टेशन, बाग, देऊळ पालथं घातलं. मग फोन आला, "आजी आमच्याकडे आहेत, काळजी करू नका."

ती लोकलने चर्नी रोडला उतरून थेट गिरगावातल्या आमच्या जुन्या चाळीत गेली होती. ती खोली आम्ही १९९४ साली सोडली.

आता तिथे राहणाऱ्या ताईंनी दार उघडलं तेव्हा आई म्हणाली, "अगं सरक, दूध उतू जाईल." ताई सरकल्या. हे तुमचं घर नाही, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. तिला खिडकीशी बसवलं, बशीत चहा ओतून दिला, मेथीची जुडी निवडायला दिली. शेजारच्या मुलाने पिशवीतल्या औषधांच्या चिठ्ठीवरून माझा नंबर शोधला.

मी पोचलो तेव्हा गॅलरीत सात-आठ जण जमले होते आणि आई त्यांना केशवजी नाईक चाळीतल्या, १८९३ पासूनच्या गणपतीबद्दल सांगत होती. आम्हा पोरांना ती दरवर्षी तिथे न्यायची. लहानपणी शाळेतून आलो की जे दार उघडं दिसेल तिथे मी जेवायला बसायचो. ती दारं कधीच बंद झाली, असं मी धरून चाललो होतो.

निघताना ताईंनी मेथी पिशवीत घालून दिली. "आजींनी निवडलीय, त्यांनाच खाऊ घाला."

ताई, आणि जिना उतरताना आईचा हात न सोडणारा तो मुलगा, तुमचे मनापासून आभार. त्या रात्री आई पोटभर जेवली.